को-हाउसिंगमधली (प्रत्येकाचं घर वेगळं, पण जेवणाची जागा वगैरे सामायिक, अशा वसाहतीतली) परवडणारी घरं कुणाला द्यायची, हे कसं ठरवावं?

पात्रता आणि मनं जुळणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. उत्पन्नाची मर्यादा, घराची निकड हे निकष आधीच लिहून जाहीर करा. मग पात्र कुटुंबांना काही महिने बैठकांना, सामूहिक जेवणांना बोलवा, म्हणजे हे जगणं झेपेल का ते त्यांनाच कळेल. नुसतं 'आपल्याशी जमेल का' एवढंच पाहिलं, तर ओळखीपाळखीचेच आत येतात आणि गरजू बाहेर राहतात. हा अन्याय आहे.

अशा वसाहतींची उदाहरणं पाहा: लंडनच्या न्यू ग्राउंडमध्ये २५ पैकी ८ घरं सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारभावापेक्षा कमी भाड्याची आहेत. लीड्सच्या लिलॅकमध्ये २० घरं. तिथे हप्ता निव्वळ उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर बेतलेला.

आणि हो, पुनर्विक्रीची किंमत करारातच बांधून घ्या, नाहीतर पहिल्याच विक्रीत घर बाजारभावाला जातं.