चाक बसवताना अँटी-सीझ ग्रीस लावावं का?

तुम्ही लिहिलंय की पंक्चर झाल्यावर सगळे नट काढले तरी चाक जागचं हलेना, शेवटी टायरवर लाथा घालाव्या लागल्या. म्हणून आता स्टडच्या (ज्या दांड्यांवर चाकाचे नट बसतात त्यांच्या) आट्यांना अँटी-सीझ ग्रीस (धातूचे भाग एकमेकांत अडकून बसू नयेत म्हणून लावतात ते) लावावं का, असं विचारताय. आट्यांना लावू नका. नट तर तुमचे सुटले होते ना? मग आट्यांचं काही बिघडलेलंच नव्हतं. चाक अडकलं होतं ते दुसरीकडे.

चाकाच्या मधोमध जे मोठं भोक असतं ते हबच्या, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक बसवतात त्याच्या, गोल कडेवर बसतं. हब पोलादी, अलॉय चाक ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी शिरलं की हबला गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, आणि मुळातच केसभर असलेली ती फट गच्च भरून जाते. तिथला गंज तारेच्या ब्रशने खरवडून काढा, फडक्याने पुसा आणि फक्त त्या गोल कडेवर अँटी-सीझचा अगदी पातळ हात फिरवा. बोटाला लागलेलं तेवढंच पुरतं. अलॉय चाक असेल तर तांब्याचं नको, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम यांचंही पटत नाही. सिरॅमिक किंवा ॲल्युमिनियमचं घ्या. डिस्कवर, ब्रेक पॅडवर किंवा एबीएसच्या सेन्सरवर ते जाता कामा नये. आणि हबचा सपाट भाग, ज्यावर चाक टेकतं, तो स्वच्छ आणि कोरडाच ठेवा.

आता आट्यांना का नको ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. नट आवळतो तेव्हा आपण स्टड ताणत असतो. तो किंचित लांबतो आणि परत आखडायला बघतो, त्या ओढीने चाक हबवर दाबून धरलं जातं. टॉर्क रेंचला (ठरवलेला जोर आला की ‘टक्’ वाजणाऱ्या पान्याला) मात्र ही ओढ कळत नाही, त्याला कळतो तो फक्त नट फिरवायला लागलेला जोर. त्यातले ढोबळमानाने दहातले नऊ हिस्से नटाच्या बुडाशी आणि आट्यांमध्ये घासण्यातच खर्च होतात, स्टड ताणायला उरतो जेमतेम एक. कंपनीचा टॉर्कचा आकडा बहुधा कोरडे, स्वच्छ आटे धरूनच दिलेला असतो.

१२ मिलिमीटरचा स्टड आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क धरा. कोरड्या आट्यांवर ओढ येते साधारण ४ टनांची. अँटी-सीझ लावून तोच रेंच त्याच आकड्यावर ‘टक्’ वाजेल तेव्हा ती ६ टनांच्या पुढे गेलेली असू शकते. त्या मापाचा ८.८ दर्जाचा (बोल्टच्या ताकदीची एक प्रत) बोल्ट साडेपाच टनांच्या पुढे कायमचा लांबायला लागतो. चाकाच्या स्टडचा दर्जा बऱ्याचदा याहून वरचा असतो, पण राखून ठेवलेली ताकद आपणच खाऊन टाकली हे खरंच.

मी स्वतः हे करून बसलोय. दोन वर्षं दर वेळी आट्यांना ग्रीस लावायचो, नट लोण्यासारखे फिरायचे. एकदा एक नट बोटांनी अर्ध्यापर्यंत सहज गेला आणि तिथे अडला. स्टड काढून नव्याशेजारी धरला तर मधल्या चार-पाच आट्यांमधलं अंतर डोळ्यांना दिसेल इतकं वाढलेलं होतं. त्याच स्टडवर भरल्या गाडीनिशी हायवेला गेलो होतो, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

‘मग टॉर्क कमी ठेवून लावा’ असं कोणी सांगेल. पण किती कमी? ते त्या ग्रीसवर, थरावर, नटाच्या बुडाशी ते किती पोचलं यावर ठरतं, आणि पुढच्या वेळी चाक बसवणाऱ्याला तुम्ही काय लावलंय ते ठाऊक नसतं. नटाचा जो निमुळता किंवा गोल भाग चाकाच्या खाचेत बसतो, तिथे तर कशाचाच थेंब नको. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत आट्यांना तेल लावा असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तसं करा, तेही तिथे सांगितलंय तेवढंच.

बसवताना नट आधी हाताने फिरवा, मग समोरासमोरचे घेत दोन टप्प्यांत आवळा. शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकल्यावर, पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे. ५० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा, ही पायरी कृपा करून गाळू नका.

आट्यांना आधीच ग्रीस लावून झालं असेल तर एका वेळी एकच चाक घ्या. स्टड आणि नट दोन्ही ब्रेक क्लीनरने धुऊन, ब्रश मारून कोरडे करा. मग प्रत्येक नट नुसत्या बोटांनी बुडापर्यंत फिरवून बघा. एखादा मध्येच अडला तर तो स्टड आणि नट दोन्ही बदला, जोर लावून पुढे ढकलू नका.