पडदे दोन, आवाज एकाच खोलीत

प्रश्न : माझा शिकवणीवर्ग शेजारशेजारच्या दोन खोल्यांत भरतो. कॉम्प्युटर एकच आहे, विंडोजचा. पहिल्या खोलीतला मॉनिटर एचडीएमआयने आणि दुसऱ्या खोलीतला डिस्प्लेपोर्टने जोडलाय. धड्याचा व्हिडिओ दोन्हीकडे दिसतो, पण आवाज एकाच मॉनिटरमधून येतो. दुसरा निवडला की पहिला मुका! दुकानदार नवं ग्राफिक्स कार्ड घ्या म्हणतो. घ्यावं का? जुना व्हीजीएचा एक मॉनिटरही पडून आहे, तो ऑफिसात लावला तर बोलेल का?
– एक शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : सर, कार्ड घेऊ नका. नव्या कार्डावरही हेच होणार.

एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट या दोन्ही केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. पण विंडोजच्या लेखी तुमचे दोन मॉनिटर म्हणजे दोन वेगळे स्पीकर, आणि एका वेळी त्यातला एकच ‘डिफॉल्ट’, म्हणजे आवाजासाठी निवडलेला. चित्र ‘डुप्लिकेट’ करायची सोय विंडोजने दिलीय, आवाजासाठी तसं साधं बटण नाही. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये ‘मल्टि-आउटपुट डिव्हाइस’ करून एकच आवाज अनेक ठिकाणी पाठवता येतो. विंडोजवाल्यांनी हे इतकी वर्षं का टाळलं, देव जाणे.

‘स्टिरिओ मिक्स चालू करा’ असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्यात मेख आहे. स्टिरिओ मिक्स ही विंडोजच्या साउंड सेटिंगमधली एक सोय. ती मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाच्या) साउंड चिपवर वाजणारा आवाज उचलते आणि तिथल्याच ‘लिसन’ टॅबमधून तो फक्त एका ठिकाणी पाठवते. म्हणजे साधे स्पीकर अधिक एक मॉनिटर, एवढंच जमतं. दोन्ही मॉनिटर हवे असतील तर ‘व्हॉइसमीटर’सारखं, आवाज दोन ठिकाणी वाटणारं सॉफ्टवेअर घालावं लागतं. ते चालतं, पण दोन मॉनिटरांचा आवाज किंचित मागेपुढे होतो. मधलं दार उघडं असलं की देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखं घुमेल, आणि शेवटच्या बाकावरची पोरं त्याची नक्कल करत बसतील.

तुम्हाला दोन्हीकडे तेच चित्र, तोच आवाज हवाय ना? मग भानगड कॉम्प्युटरच्या बाहेरच मिटवा : एकातून दोन करणारा, विजेच्या अडॅप्टरवर चालणारा एचडीएमआय स्प्लिटर आणा. कॉम्प्युटरला एकच मॉनिटर जोडल्यासारखं वाटतं, स्प्लिटर चित्र-आवाज दोन्हीकडे वाटतो. दुकानात ‘स्विच’ गळ्यात मारतील, तो घेऊ नका. स्विच दोन कॉम्प्युटर एका मॉनिटरला जोडतो, म्हणजे नेमकं उलटं काम.

दुसऱ्या मॉनिटरला मागे एचडीएमआयचं तोंड आहे का, ते आधी बघा. बहुतेक असतंच. नसेल तर डिस्प्लेपोर्टची स्वस्त रूपांतर-केबल उपयोगाची नाही. ती कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टकडून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे, अशी एकाच दिशेने चालते. तुम्हाला उलटी दिशा लागेल, त्याला वेगळा कन्व्हर्टर येतो.

आणखी एक. मॉनिटर स्वतःची माहिती कॉम्प्युटरला कळवतो : रिझोल्यूशन किती, आवाज घेतो की नाही. बरेच स्प्लिटर ही माहिती पहिल्या तोंडावरच्या मॉनिटरकडून घेतात. तिथे आवाज न घेणारा मॉनिटर लागला तर दोन्हीकडे शांतता! म्हणून स्पीकरवाला मॉनिटर पहिल्या तोंडाला लावा. काही मॉनिटरांना स्पीकर नसतात, नुसतं हेडफोनचं भोक असतं. ते आवाजाच्या यादीत दिसतात, पण ऐकू काही येत नाही. त्या भोकात साधे स्पीकर लावले की काम झालं.

जुना मॉनिटर बोलणार नाही. व्हीजीए ही जोडणी १९८७ ची, त्यात फक्त चित्राच्या तारा. एचडीएमआय ते व्हीजीए अडॅप्टर मिळतो. ऑडिओचं ३.५ मिमी भोक असलेलाच मागा आणि त्याला स्पीकर जोडा. हा तिसरा मॉनिटरही लावायचा पक्का असेल, तर स्प्लिटर आताच चार तोंडांचा घ्या.