दोनच नवे टायर घेतले तर पुढे टाकावेत की मागे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्विफ्ट आहे, पुढचे दोन्ही टायर घासून गोटा, म्हणजे गुळगुळीत झालेत, मागच्यांची नक्षी निम्मी शिल्लक आहे. सध्या दोनच टायरचं बजेट आहे आणि सोलापूर-पुणे येणं-जाणं चालू असतं. दुकानदार म्हणतो नवे पुढेच टाका, मेहुणा म्हणतो मागे.

मेहुण्याचं ऐका. नवे दोन्ही मागे, मागचे निम्मे झालेले पुढे, आणि गोटा झालेले कायमचे खाली.

माझ्या गाड्या तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर दर्शनाच्या भाड्याला असतात, त्यामुळे टायरच्या दुकानातल्या स्टुलावर बसणं नेहमीचंच. तिथे हा वाद रोज होतो. दुकानदार फसवतोय असं समजू नका. घासलेली चाकं पुढची, जॅक पुढेच लागलेला, ती दोन चाकं काढली, नवे चढवले, पाच मिनिटांत गाडी मोकळी. नवे मागे टाकायचे तर चारही चाकं खोलावी लागतात. पोरांना ते जिवावर येतं, आणि गिऱ्हाईकही घाईत असतं.

पुढे नवे टाकण्याच्या बाजूने जे सांगतात ते तसं खोटं नाही. स्विफ्टला ओढ पुढच्या चाकांची, म्हणजे इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, इंजिनाचं वजन पुढे, वळवायचं काम पुढच्यांचं, ब्रेकचा मोठा भारही पुढेच. म्हणून तर पुढचे आधी घासतात. पण कुठले लवकर घासतात हा मुद्दा वेगळा, आणि कुठली बाजू निसटली तर गाडी हातातून जाते हा वेगळा. टायर कंपन्या आपल्या मार्गदर्शनात दोन नवे मागेच टाकायला सांगतात, ते या दुसऱ्या मुद्द्यावरून.

नक्षीचं खरं काम ओल्या रस्त्यावर. खाचांमधून पाणी बाहेर फेकलं जातं आणि रबर डांबराला टेकतं. खाच उथळ झाली की पाणी वेळेत निघत नाही, वेग असेल तर टायर पाण्यावरच चढतो. हे पुढच्या चाकांना झालं तर तुम्हाला हातात कळतं: स्टेअरिंग एकदम हलकं लागतं, वळवली तरी गाडी सरळ जाऊ बघते. माणूस आपसूक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वेग पडतो, पकड परत येते. भीती वाटते, पण बहुतेक वेळा निभावतं.

मागची चाकं सुटली तर स्टेअरिंगला काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा शेपूट बाहेर आलेली असते. आणि इथे घाबरून पाय काढला, ब्रेक दाबला, की वजन पुढे सरकतं, मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी गिरकी घेते. सीझनला उसाची ट्रॉली मागून ढकलून ट्रॅक्टरलाच आडवा करते, तसंच हे. अशी गाडी सावरायला शेपूट ज्या बाजूला गेली त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवावं लागतं, तेही मोजून, क्षणात. आपण घरगुती ड्रायव्हर, आपल्याकडून ते होत नाही.

काही जण म्हणतात, पुढचं चाक पाणी बाजूला सारतं, मागच्याला कोरडा रस्ता मिळतो. सरळ रस्त्यावर थोडंफार खरं आहे. वळणावर मात्र मागचं चाक नेमकं पुढच्याच्या मागावरून जाईलच असं नाही, म्हणजे त्याला भरलेलं पाणीही मिळू शकतं. आणि गाडी फिरते ती वळणावरच.

आपल्या सोलापूरचा पाऊस कसा आहे बघा. जून-जुलैत बेताचा, आणि सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, तोही संध्याकाळचा, एकदम कोसळणारा. सावळेश्वर टोलनाका सोडून मोहोळकडे निघालात, रस्ता चांगला म्हणून काटा शंभराच्या आसपास, आणि दुभाजकाच्या कडेला पाण्याचा पट्टा साचलेला. ओव्हरटेकला उजवीकडे घेतलं की पहिल्यांदा त्यातच जाता.

आता राहिला टायर फुटण्याचा मुद्दा. ‘पुढचा फुटला तर मेलोच, म्हणून चांगले पुढे’ असं दहापैकी आठ जण सांगतील. फुटतो तो टायर कमी हवेने, जास्त भाराने, म्हातारपणाने, नाहीतर बाजूच्या भिंतीला कट किंवा फुगा असल्याने. ज्याच्या फुटण्याची धास्ती आहे तो टायर मागेही ठेवायचा नाही, मागचा फुटल्यावर गाडी काही कमी हेलकावत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की लोक हवा मुद्दाम कमी करतात. उलटं काम आहे ते! हवा कमी झाली की टायरची भिंत जास्त वाकते, त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा सकाळी टायर थंड असताना भरायचा, बस्स. नायट्रोजन भरा नाहीतर साधी हवा, आकडा बरोबर हवा.

आता एक अट. जे मागचे निम्मे टायर पुढे येणार आहेत ते खरंच निम्मे आहेत का बघा. नव्या टायरची खाच साधारण सात-आठ मिमी असते. खाचेच्या तळाशी मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे दिसतील, नक्षी घासून त्यांच्या पातळीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, तिथे कायद्यानेही टायर संपला. मी मात्र तीन मिमीच्या खालचा टायर पावसाळ्यात पुण्याला पाठवत नाही. तुमचे मागचे तिथपर्यंत आले असतील तर पुढे-मागे हा वाद सोडा, पैशाची जुळवाजुळव करून चारही घ्या.

टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. दुकानात नवा म्हणून दाखवलेला टायरही याच आकड्याने तपासा. नवे दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच मापाचे हवेत. ‘एकच नवा घ्या, दुसरीकडे स्टेपनी टाका’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, डिकीत वर्षानुवर्षं पडलेल्या स्टेपनीचं रबर न चालताही म्हातारं होतं.

काढलेले पुढचे टायर टाकून देण्याआधी त्यांच्यावरून तळहात फिरवा, आतल्या कडेकडून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दातांसारखं खरबरीत लागलं, किंवा एकच कड घासलेली दिसली, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत असणं, बिघडलेलं आहे. ते न करता गाडी नेलीत तर पुढे आलेले टायरही तसेच खाऊन टाकेल.

बोलेरो, ईकोवाल्यांनाही उत्तर हेच. त्यांची ओढ मागून, मागचेच आधी घासतात, त्यामुळे तिथे वादच होत नाही.

या पद्धतीत पुढे आलेले टायर आधी संपणार हे धरून चाला. ते संपले की आज मागे टाकलेले पुढे येतील आणि तेव्हाचे नवे मागे जातील. दोन-दोन घ्यायची ही कटकट नको असेल तर पुढच्या वेळी चारही घेऊन दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे अदलाबदल करा, म्हणजे चारही सारखे घासतात. आत्ता मात्र नक्षीत एवढा फरक असताना ती अदलाबदल करू नका, सर्व्हिस सेंटरवाल्याने सवयीने करायला घेतली तरी थांबवा.

दुकानात बिल व्हायच्या आधीच सांगा: चारही चाकं खोलायची, नवे मागे, चारही बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), शेवटी अलाइनमेंट. मजुरीचे थोडे जास्त मागेल, द्या. नव्या रबरावर सुरुवातीला गुळगुळीत थर असतो, तेव्हा पहिले दोन-तीनशे किलोमीटर दाबून ब्रेक आणि जोरात वळणं टाळा. आणि चारही चाकं उघडली म्हणून पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर नट पान्याने एकदा ताणून घ्या. पुण्याला निघणार असाल तर हे आदल्या दिवशी गावातच उरका.