हिमोग्लोबिन ११.८ आणि ईपीओ नाही, हे कसं?

बाबांची पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत पाण्याच्या फुग्यांसारख्या सिस्ट होतात), डायलिसिस चालू, हिमोग्लोबिन ११.८, शेजारच्या बेडवरच्या पेशंटला ईपीओचं, म्हणजे लाल पेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं, इंजेक्शन मिळतं, मग बाबांना का नाही, असं तुम्ही विचारलंय. मी डायलिसिस टेक्निशियन आहे. ११.८ ला इंजेक्शन दिलं नाही म्हणजे हेळसांड झाली, असं अजिबात नाही.

लाल पेशी बनतात हाडांच्या मज्जेत, पण त्यासाठी लागणारं एरिथ्रोपोएटिन (ईपीओ) हे हार्मोन मोठ्या माणसात मुख्यतः किडनीतूनच येतं. किडनी गेली की तेही आटतं. पॉलिसिस्टिकमध्ये फुगलेल्या सिस्टमुळे आसपासचा भाग दाबला जातो, तिथे ऑक्सिजन कमी पडतो, आणि ऑक्सिजन कमी पडला की हे हार्मोन सुटतं. म्हणून रक्त गाळणं जवळपास थांबलं तरी सिस्टलगतच्या पेशी ईपीओ बनवत राहू शकतात. सगळ्यांचं असं होत नाही. याच आजाराच्या काहींना इंजेक्शन लागतंच.

शेजारच्याशी तुलना सोडा, बाबांचेच मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून बघा. सॅम्पल डायलिसिसआधी घेतलं की नंतर, हेही विचारा. अंगात पाणी साठलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा कमी दिसतो, पाणी काढल्यावर तोच वाढतो.

आकडा खरंच घसरला तर आधी रक्त कुठे जातंय ते शोधावं लागतं. सिस्ट फुटून लघवी लाल होते किंवा कुशीत दुखतं. ताप असेल तर सिस्टमधलं इन्फेक्शन असू शकतं, आणि इन्फेक्शन असताना ईपीओचाही नीट गुण येत नाही. थोडं रक्त आमच्याकडेही जातं: शेवटी सलाइनने रक्त परत दिलं तरी डायलायझरचे (रक्त गाळणाऱ्या फिल्टरचे) धागे गुलाबी राहतात, आणि त्यात गुठळी झाली तर बरंच वाया जातं. त्याबरोबर लोहही जातं, म्हणून फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह किती आहे ते सांगणाऱ्या तपासण्या) बघितल्याशिवाय नुसता ईपीओचा डोस वाढवण्यात अर्थ नाही.

काही कारण नसताना आकडा वाढत गेला तर खूश होऊन गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. ते सोनोग्राफी करून घेतील. इंजेक्शन देऊन मुद्दाम १३ च्या वर नेत नाहीत, कारण पक्षाघात आणि गुठळ्यांचा धोका वाढतो.

आणि सिस्टवाली किडनी काढायचं कधी ठरलं, तर त्यानंतर ईपीओ लागेल का, हे ऑपरेशनआधीच विचारून ठेवा.