वय ४२, बैठं काम. हृदयासाठी पळायला सुरुवात करायची आहे. रोज किती किलोमीटर, किती वेगाने पळावं आणि बूट कोणते घ्यावेत?

तुमच्या प्रश्नात "किती वेगाने" आलं म्हणून लिहायला बसलो. यावरून माझं आणि माझ्या मेहुण्याचं कित्येक वर्षं वाजतंय. उत्तर आधीच देतो: हळू. शेजारून चालणारे आजोबा पुढे निघून गेले तरी चालेल इतकं हळू.

मी बेस्टमध्ये ड्रायव्हर होतो, त्यातली बरीच वर्षं डबलडेकरवर. पन्नाशी जवळ आली तेव्हा बीपीची गोळी सुरू झाली होती, साखर काठावर होती आणि नायगावला चाळीचे तीन मजले चढताना जिन्याच्या वळणावर कठडा धरून थांबावं लागायचं. मेहुणा तेव्हा पोलीस भरतीच्या पोरांकडून मैदानावर तयारी करून घ्यायचा. एका रविवारी त्याने मला शिवाजी पार्कात नेलं आणि त्या पोरांच्या मागे सोडलं. "दाजी, धाप लागली पाहिजे, नाहीतर उपयोग काय?" अर्धी फेरीसुद्धा धड झाली नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली, कट्ट्यापाशी उलटी झाली. त्याने पाणी दिलं, पाठ चोळली, म्हणाला, "होईल सवय." मनापासून म्हणाला, त्यात शंका नाही. पण ती तयारी वीस वर्षांच्या पोराची. त्याला ठरल्या तारखेला सोळाशे मीटर मारून नोकरी मिळवायची असते. मला नोकरी होती, मला पुढची वीस वर्षं धडधाकट काढायची होती. त्यानंतर कितीतरी महिने मी मैदानाकडे फिरकलो नाही. आणि असे किती जण पहिल्याच दिवशी घाबरून कायमचे घरी बसत असतील, हा विचार आला की मला आजही राग येतो.

पुढे डॉक्टरांनी आधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवत काढलेला ईसीजी, करायला लावली. ती ठीक आली. मी बसवाला म्हणूनच बहुधा, त्यांनी मला लंडनच्या डबलडेकरची गोष्ट सांगितली. जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हृदयविकाराचा अभ्यास केला होता, तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दोघांची बस तीच, शहर तेच. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, कंडक्टर दिवसाला पाचशेहून जास्त पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला. माझ्याच गाडीवर वर-खाली करणारा माझा जोडीदार डोळ्यांपुढे आला. तो काही जिन्यावर शर्यत लावत नव्हता. तिकिटं फाडत, लोकांशी बोलत, बेताने चढायचा, पण रोज चढायचा. मेहुण्याला मी नेमकं हेच सांगत आलोय आणि त्याला ते पटत नाही.

मग मी फाइव्ह गार्डन्सला जायला लागलो. सुरुवातीला नुसतं चालणं. अर्धा तास भरभर चालून काही वाटेनासं झालं, तेव्हा मध्ये मध्ये एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, मग श्वास जागेवर येईपर्यंत चालायचं. वेग मोजायला माझ्याकडे घड्याळ नव्हतं, थांबे होते. पळताना तोंडाने म्हणायचं: खोदादाद सर्कल, चित्रा, हिंदमाता, परळ, लालबाग, राणीबाग, भायखळा. न अडखळता भायखळ्यापर्यंत गेलो तर वेग बरोबर. हिंदमात्यालाच श्वास तुटला तर वेग जास्त, लगेच चालायला लागायचं. तुम्ही तुमच्या रोजच्या लोकल गाडीची स्टेशनं म्हणा. नवशिक्याला यापेक्षा चांगलं यंत्र नाही, असं माझं ठाम मत आहे.

हळू पळून हृदयाला काय मिळतं, असं मेहुणा विचारतो. मिळतं ते असं: हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी लागतात. पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. बीपी थोडं उतरतं. यासाठी धापा टाकाव्या लागत नाहीत, आठवड्यामागून आठवडे सातत्य लागतं. दुसरं म्हणजे, दम काही आठवड्यांत वाढतो, पण नडगीचं हाड, टाच, घोट्यामागची शीर यांना तयार व्हायला महिने लागतात. माणसाला वाटतं, आता जमतंय, वाढवू या, आणि तिथेच नडगी धरते.

किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. सुरुवात एक दिवस आड अर्ध्या तासाने करा, त्यात चालणंही धरा, मग हळूहळू तिथवर या. रोज पळायची गरज नाही.

गुडघ्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरचे काढतीलच. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, त्यात हौसेने पळणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज होती, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. स्पर्धेसाठी वर्षानुवर्षं धावणाऱ्यांत मात्र ती १३.३ टक्के. म्हणजे इथेही अतिरेकच नडला, असं मी तरी समजतो.

पुढे मी मुंबई मॅरेथॉनची दहा किलोमीटरची शर्यत पूर्ण केली. घरी आलो तर मेहुण्याचा पहिला प्रश्न, "दाजी, टायमिंग किती?" मी आजपर्यंत सांगितलेलं नाही. बीपी किती, हे विचार म्हटलं, ते सांगतो. तुम्हीही ऑफिसमध्ये, सोसायटीत कुणाला टायमिंग सांगू नका. एकदा सांगितलं की पुढच्या वेळी ते कमी करायची हाव सुटते.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. लंडनच्या अभ्यासात सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. १९५६ मध्ये त्याच मंडळींनी गणवेशाची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी कंडक्टरांपेक्षा कंबरेला आधीपासूनच मोठ्या निघाल्या, म्हणजे ते मुळातच जास्त जाड होते. पण चालत-सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला होता. स्वतः मॉरिस पळायचे आणि २००९ मध्ये ९९व्या वर्षी गेले.

पळणं म्हणजे कवचकुंडलं मात्र नव्हेत. अमेरिकेत लाखो लोकांना पळायला लावणारे जिम फिक्स १९८४ मध्ये पळतानाच गेले, वय ५२. धमन्या तुंबलेल्या निघाल्या. त्यांचे वडील ४३व्या वर्षी हृदयविकारानेच गेले होते. तुमच्या घरात असं कुणी लवकर गेलं असेल, बीपी, साखर किंवा सिगारेट असेल, तर आधी डॉक्टर, मग मैदान.

बूट: दुकानात घालून चालून पाहा, पायाच्या बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. महागच घ्यायला हवेत असं नाही.

आणि पळताना किंवा जिना चढताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला, विनाकारण दरदरून घाम फुटला, तर तिथेच थांबायचं. गॅस झाला असेल म्हणून घरी जाऊन पडायचं नाही. १०८ला फोन करायचा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन सरळ हॉस्पिटल गाठायचं आणि ईसीजी काढायचा.