नवीन किचनमध्ये हॉब बसवावा, साधी शेगडी ठेवावी की इंडक्शन घ्यावं?

ताई, तुमचं म्हणणं असं की विश्रामबागला नवीन फ्लॅट घेतलाय, घरात पाच माणसं, सासूबाई रोज शाळूच्या भाकरी करतात, फर्निचरवाला चार बर्नरचा काचेचा हॉब, म्हणजे ओटा कापून त्यात बसवायची शेगडी, बसवा म्हणून मागं लागलाय, दीर म्हणतात इंडक्शनच घ्या गॅसची कटकट नको, आणि वर चिमणी पण बसवायचीय. मी सांगली-मिरजेत शेगड्या आणि इंडक्शन दुरुस्तीची कामं करतो, त्यामुळं दुकानात मांडलेली शेगडी कशी दिसते यापेक्षा दोन-तीन वर्षं स्वयंपाक झाल्यावर ती आतून कशी होते हेच मला जास्त बघायला मिळतं. त्या अनुभवानं सांगतो.

माझं मत आधीच देऊन टाकतो. ओटा कापू नका. ओट्यावर ठेवायची चांगली तीन बर्नरची शेगडी घ्या, बर्नर पितळी बघून घ्या, आणि शेजारी एक सिंगल इंडक्शन ठेवा. तुमच्या घरात रोज भाकरी होते ना, मग जाळ पाहिजेच.

भाकरीचंच बघा. तव्यावर पाणी फिरवून एक बाजू झाली, उलटली, की मग ती तव्यावरनं काढून थेट जाळावर धरतात तेव्हा ती टम्म फुगते अन् कडा खरपूस होतात. इंडक्शनवर सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो, त्यात काही अडचण नाही, पण जाळ कुठनं आणणार? फडक्यानं दाबून दाबून फुगवतात काही जणी, जमतंय पण, पण सत्तरीच्या बाईला आयुष्यभराची सवय मोडायला कशाला लावायची. आणि आपल्या घरातला भाकरीचा जुना तवा बहुतेक वेळा खोलगट असतो, तो इंडक्शनच्या काचेला मधे एवढासाच टेकतो, मग एकतर मशीन त्याला ओळखतच नाही नाहीतर मधे करपतंय अन् कडेला कच्चं राहतंय. कृष्णाकाठची वांगी भरताला भाजायची म्हटली तरी जाळच लागतो.

आता हॉब. हॉब वाईट असतो असं माझं अजिबात म्हणणं नाही, नीट बसवला तर दिसायला सुंदर आणि पुसायला सोपा. पण तो नीट बसवत नाहीत हीच खरी अडचण आहे. गॅस निळ्या जाळानं जळायला त्यात जळायच्या आधीच हवा मिसळावी लागते, आणि बऱ्याच हॉबमध्ये ही हवा खालच्या बाजूनं, म्हणजे ओट्याच्या खालनं ओढली जाते. फर्निचरवाला काय करतो, खाली ट्रॉली बसवतो, दारं लावतो, मागनं प्लायवूड मारतो, सगळं एकदम चकाचक बंद. मग हवा येणार कुठनं? विश्रामबागलाच एका घरी गेलो होतो, तक्रार अशी की भांडी काळी पडतात, कंपनीचा माणूस येऊन जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातनं गॅस बर्नरला येतो तो भाग, साफ करून गेला तरी फरक नाही. बर्नर पेटवला तर जाळ पिवळा, लांब अन् हलता. मी खाली बसून ट्रॉलीची दोन्ही दारं सताड उघडली, थोडा वेळ थांबलो, वर बघतोय तर जाळ आखडून निळा झालेला. दार लावलं की परत पिवळा. त्या बाईंनी स्वतः दोनदा दार उघडझाप करून बघितलं. हॉबमध्ये काहीच बिघाड नव्हता, दाराला जाळी मारून घेतली आणि काम झालं. तेव्हा हॉबच घ्यायचं ठरलं तर फर्निचरवाल्याला आत्ताच सांगा की हॉबच्या खालच्या कप्प्याला जाळीचं दार पाहिजे, आणि हॉबच्या पुस्तकात हवेसाठी किती जागा सोडायची ते दिलेलं असतं, ते त्याला वाचायला लावा.

दुसरं म्हणजे ग्रॅनाइटला पाडलेलं भोक. प्रत्येक कंपनीच्या हॉबचं कटिंगचं माप वेगळं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचं सुद्धा वेगळं. पाच-सात वर्षांनी हॉब बदलायची वेळ आली की त्याच भोकात बसणारा शोधत फिरावं लागतं, भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. साधी शेगडी बिघडली तर उचलून पिशवीत घालून माझ्यासारख्याकडं आणता येते, हॉबला माणूस घरी बोलवावा लागतो, आणि स्पेअर पार्ट सांगलीत मिळाला नाही तर पुण्याहून येईपर्यंत घरात स्वयंपाक कशावर करणार? विकत घेताना हे कुणी विचारत नाही. दुकानदाराला सरळ विचारा की या मॉडेलचा नॉब, जेट अन् इग्निशनची वायर तुमच्याकडं आज शिल्लक आहे का.

उंचीचा पण विचार करा. शेगडी ओट्यावर ठेवली की भांड्याचं बूड ओट्यापासून चार-पाच इंच वर जातं, हॉबवर ते बरंच खाली राहतं. म्हणजे शेगडीला ओटा थोडा बुटका बरा, हॉबला थोडा उंच. ओटा अजून झाला नसेल तर सासूबाईंना उभं करून कोपराची उंची बघा आणि मग माप द्या, खांदे दुखायचे वाचतील.

चार बर्नरचा मोह टाळा असं मला मनापासून वाटतं. साठ सेंटीमीटरच्या काचेत चार बर्नर कोंबलेले असतात, त्यावर एका वेळी चार मोठी भांडी बसतच नाहीत. बेंदराला पुरणपोळीचा मोठा तवा चढवला, शेजारी कटाची आमटी ठेवली, की मागचे दोन बर्नर अडकलेच. आणि मागच्या भांड्यात चमचा घालायला पुढच्या जाळावरनं हात न्यावा लागतो, पदराचं किंवा ओढणीचं टोक कधी पेट घेईल सांगता येत नाही. सत्तर-ऐंशी सेंटीमीटरमध्ये तीन बर्नर, मधे मोकळी जागा, हे जास्त कामाचं. दुकानात जाताना घरचा भाकरीचा तवा आणि सगळ्यात मोठा कुकर पिशवीत घालून घेऊन जा, दोन्ही एकदम ठेवून बघा, लाजू नका. तवा डुगडुगतोय का, कुकरची मूठ शेजारच्या बर्नरच्या जाळावर येतेय का, हे तिथंच कळतं.

स्टील की काच, तर मला स्टील आवडतं. काच पुसायला सोपी हे खरं, आणि टफन केलेली असल्यानं फुटली तरी तिचे बारीक खडे होतात, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत. पण फुटते. कशानं फुटते? मोठं पातेलं किंवा रुंद तवा दोन-दोन तास मोठ्या जाळावर राहिला की खालची उष्णता काचेवरच कोंडते, त्यात कुणीतरी गरम काचेवर गार पाण्याचं फडकं फिरवतं, किंवा कडेला आधीच टवका उडालेला असतो. दिवाळीत चकल्या-करंज्यांच्या दिवसात असे फोन जास्त येतात. काचेची घेणार असाल तर काचेची वॉरंटी वेगळी लिहून घ्या. बर्नर हातात घेऊन वजन बघा, पितळी बर्नर जड लागतो आणि वर्षानुवर्षं वाकत नाही. आयएसआय मार्क बघाच. दूध उतू जाऊन जाळ विझला तर गॅस आपोआप बंद होणारी सोय आता काही शेगड्यांत आणि बऱ्याच हॉबमध्ये येते, बर्नरशेजारी एक छोटी सुई असते, ती तापलेली आहे तोवर व्हॉल्व्ह उघडा राहतो, गार झाली की बंद. पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो, सासूबाईंना तेवढं समजावून सांगा. घरात म्हातारं माणूस एकटं स्वयंपाक करत असेल तर या सोयीसाठी हजार-दोन हजार जास्त गेले तरी द्या. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की वर न जाता खाली फरशीवर साचतो, म्हणून वास आला तर रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, लाईटच्या बटणाला हात लावायचा नाही, बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदलायची, ट्रॉलीत चेपलेली तर अजिबात नको.

पाइपलाइनचा गॅस पुढंमागं तुमच्या अपार्टमेंटला येणार असेल तर एक माहिती असू द्या, त्या गॅसचं प्रेशर कमी असतं आणि गॅस पण वेगळा, म्हणून शेगडीचे जेट बदलावे लागतात, भोक मोठं असलेले. ते काम गॅस कंपनीच्या माणसाकडनंच करून घ्यायचं, कुणी सुई घालून जुनाच जेट मोठा करतो म्हणाला तर करू देऊ नका.

आता दिरांचा मुद्दा. इंडक्शन चांगलंच आहे. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यामुळं भांड्याच्या बुडातच उष्णता तयार होते, म्हणून वाया कमी जातं आणि किचन तापत नाही, मार्च-एप्रिलच्या सांगलीच्या उन्हात हे केवढं सुख आहे ते तुम्हाला सांगायला नको. दूध, चहा, कुकर, भात, पाणी तापवणं, सगळं झकास. पण अॅल्युमिनियमचा कुकर, तांब्या-पितळेची भांडी चालत नाहीत. फ्रिजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा, घट्ट चिकटलं तर चालेल. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खर्चाचा हिशोब असा. १४.२ किलोच्या सिलेंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली दोन तृतीयांश भांड्यात जाते, म्हणजे १२० च्या आसपास. इंडक्शनवर ८५ टक्के धरली तर तेवढ्याच स्वयंपाकाला १४० युनिट लागतील. म्हणून सिलेंडरचा दर भागिले १४० करा. सिलेंडर ९०० चा असेल तर उत्तर येतं ६ रुपये ४० पैसे. आता महावितरणचं बिल काढा, स्थिर आकार सोडून बाकी वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून तुम्हाला वरचं युनिट कितीला पडतंय ते बघा. १०० युनिटच्या वर गेलं की दर चढतो आणि इंडक्शनचे युनिट वरच्याच टप्प्यात जाऊन बसतात. त्यामुळं बऱ्याच घरांना पूर्ण स्वयंपाक इंडक्शनवर स्वस्त पडत नाही. छतावर सोलर असेल तर गोष्ट वेगळी, केंद्राच्या सूर्यघर योजनेत एका घराच्या ३ किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी आहे, तुमच्या सोसायटीत जमत असेल तर जरूर बघा, मग दिवसाचा स्वयंपाक खुशाल इंडक्शनवर करा.

आणि लाईट. वळवाचा पाऊस आला की लाईट जाते हे आपल्याला ठाऊकच आहे. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात तर शहराच्या कितीतरी भागात दिवसेंदिवस लाईट नव्हती, तेव्हा ज्यांच्याकडं गॅस होता त्यांनी शेजारच्यांना पण जेवू घातलं. एकट्या विजेवर घर ठेवू नका असं मी प्रत्येकाला सांगतो. शिवाय व्होल्टेज वरखाली झालं की इंडक्शनचं बोर्ड जातं, माझ्याकडं येणाऱ्या मशीनमध्ये हेच जास्त.

इन्फ्रारेड म्हणून एक प्रकार दुकानात दाखवतील, दिसायला इंडक्शनसारखाच. त्यात काचेखाली तार लाल होते, त्यामुळं कुठलंही भांडं चालतं, पापड पण भाजतो. पण तापायला वेळ घेतं आणि बंद केल्यावर काच बराच वेळ भयंकर गरम राहते. लहान मूल असेल तर नको.

वायरिंगचं मात्र टाइल्स लागायच्या आधीच सांगा. २००० वॅटचं इंडक्शन जवळपास ९ अँपिअर ओढतं, मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर ते लावलं की सॉकेट वितळतं. ओट्यावर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, वायर ४ स्क्वेअर एमएमची, आणि तो पॉइंट शेगडीच्या मागं न ठेवता बाजूला ठेवा. आत्ता पाचशे-हजारात होतं, नंतर टाइल फोडावी लागते.

चिमणीचं माप शेगडीच्या वरच्या भागापासून घ्यायचं, ओट्यापासून नाही. साधारण २६ ते ३० इंच ठेवतात, नक्की किती ते चिमणीच्या पुस्तकात असतं. म्हणजे आधी शेगडी आणा, ती ओट्यावर ठेवा, आणि मगच चिमणीवाल्याला भिंतीला ड्रिल मारू द्या.