३३ केव्हीच्या पीटीला साइटवर ७० केव्ही हायपॉट लावावा का?

तुमचा प्रश्न असा: पीटीला (पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मर, मोजमापासाठी मोठं व्होल्टेज लहान करणारा) ५ केव्हीचा मेगर (डीसी देऊन इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं यंत्र) मारला, व्हॅल्यू झकास आली. आता हाताशी ५० हर्ट्झचा हायपॉट सेट (इन्सुलेशन तपासायला जास्त व्होल्टेज देणारा) आहे, तर नेमप्लेटवर ३६/७०/१७० (कमाल सिस्टिम व्होल्टेज, एक मिनिटाची ५० हर्ट्झ चाचणी आणि इम्पल्स, सगळं केव्हीत) लिहिलंय त्यातले ७० केव्ही प्रायमरीला (हाय व्होल्टेज वाइंडिंगला) मिनिटभर देऊन मोकळं व्हावं का?

थांबा. आधी पीटीवर बुशिंग (टर्मिनल बाहेर काढणारे पोर्सलीनचे इन्सुलेटर) किती आहेत ते बघा. दोन सारखी असतील, म्हणजे दोन फेजच्या मध्ये जोडायचा असेल, तर दोन्ही टोकं एकत्र बांधून हायपॉट लावता येतो. एकच असेल (बहुतेक असंच असतं), तर प्रायमरीचं दुसरं टोक खाली टर्मिनल बॉक्समध्ये 'एन' म्हणून अर्थला जोडलेलं असतं. त्या टोकाचं इन्सुलेशन जेमतेम ३ केव्हीच्या एक मिनिटाच्या चाचणीसाठी केलेलं असतं. दोन्ही टोकं बांधून ७० केव्ही दिलेत, तर एन आधी जाईल आणि चांगला पीटी तुमच्याच हातून मरेल. खरं तर तुमचा ५ केव्हीचा मेगरही त्या टोकाला जादाच झाला. मी स्वतः अशा पीटीला १ केव्हीवर थांबतो.

एन अर्थला ठेवून वरून ५० हर्ट्झ द्यावं, तर वेगळीच अडचण. वाइंडिंगचं रोजचं व्होल्टेज ३३ भागिले १.७३२, म्हणजे सुमारे १९ केव्ही. त्याच्या साडेतीनपटीहून जास्त दिलं की कोअर सॅच्युरेट होतो (लोखंडात आणखी फ्लक्स मावत नाही) आणि करंट सुसाट वाढतो.

म्हणून अशा पीटीची चाचणी उलट्या बाजूने होते: एन अर्थला, सेकंडरीतून (कमी व्होल्टेजच्या वाइंडिंगमधून) जास्त फ्रिक्वेन्सीने फीड. कोअरमधला फ्लक्स व्होल्टेज भागिले फ्रिक्वेन्सी या हिशोबाने चालतो, सगळी मेख तिथेच आहे. फॅक्टरीत एकदा पास झालेल्या पीटीला पुन्हा ८० टक्केच लावतात, म्हणजे ५६ केव्ही. रेशो ३००, म्हणून ११०/√३ च्या सेकंडरीला साधारण १८७ व्होल्ट. हे रोजच्या ६३.५ च्या २.९४ पट झालं. १५० हर्ट्झवर फ्लक्स मात्र नेहमीइतकाच राहतो. वेळही फ्रिक्वेन्सीप्रमाणे घटते: ६० सेकंद गुणिले १०० (५० हर्ट्झची दुप्पट) भागिले १५०, म्हणजे ४० सेकंद.

मुख्य म्हणजे यात टर्न-टू-टर्न (वाइंडिंगच्या दोन वेढ्यांमधल्या) इन्सुलेशनवर ताण येतो. मेगरला ते दिसतच नाही. डीसीला सगळी वाइंडिंग एकाच पोटेन्शियलला असते, त्यामुळे दहा टर्न आपसात शॉर्ट असले तरी मेगर गिगाओम दाखवत राहील. मेगर ओल, घाण आणि ढोबळ बिघाड पकडतो, बस. पोर्सलीन पुसून, गार्ड (पृष्ठभागावरचा लीकेज मोजणीतून वगळणारं टोक) लावून पुन्हा घेतल्याशिवाय कमी व्हॅल्यूवरही मी पीटी बाद करत नाही.

फीड करताना करंटवर नजर ठेवा. मध्येच उसळी मारली किंवा शेजारच्या दोन फेजपेक्षा बराच जास्त निघाला, तर टर्न शॉर्टचा संशय घ्या. वरचं व्होल्टेज नुसत्या रेशोवरून धरू नका. पीटीची स्वतःची कपॅसिटन्स असते, त्यामुळे प्रत्यक्षात ते थोडं जास्त निघतं. डिव्हायडर (वरचं व्होल्टेज थेट मोजणारा) असेल तर तो लावा.

त्याआधी जंपर (लाइनला जोडणारी वायर) आणि लाइटनिंग अरेस्टर सोडवा, नाहीतर ५६ केव्हीला अरेस्टरच कंडक्ट करेल. बाकीच्या सेकंडरी उघड्या, एक टोक अर्थला. चुकूनही शॉर्ट नको. आणि बुशिंगजवळ कोणी नको. हातात १८७ व्होल्टची वायर असली की वर ५६ केव्ही आहेत हे माणूस विसरतो.

सीव्हीटी (कपॅसिटरवर चालणारा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) असेल तर हे सगळं सोडा. तिथे कपॅसिटन्स आणि टॅन डेल्टा (इन्सुलेशनमधला लॉस) मोजून आधीच्या रीडिंगशी ताडतात.

एका साइटवर चाचण्या छान झाल्या, पण मेगरसाठी काढलेली एनची अर्थ लिंक परत लावायची राहिली. चार्ज केल्यावर काही वेळातच टर्मिनल बॉक्स जळाला. तेव्हापासून ती लिंक काढली की मी खिशात ठेवतो आणि घरी निघताना खिसा चाचपतो.